वळणावर नुसतं उभं राहाचं

नाही नाही, तुमी बोलू नका — गळ्यातली नळी सकाळीच काढली अन् लगेच बोलाले पाहून राह्यले. डॉक्टरनं मना केलं ना? मान हालवली तरी मले समजते. मी बोलतो ना. सारी हयात एसटीत कंडक्टरकी केली, नेर डेपोत — पुढं सरका, आत जागा हाय, मामी गाठोडं खाली घ्या — एवढा ओरडलो का आता चूप बसलं तं जबडा दुखते. देवराव नाव माझं. तुमचं तं खाटेवरच्या पाटीवरच लिवलं हाय, वामनराव. यवतमाळचेच तुमी, कचेरीत होते, तुमची सून सांगत होती सिस्टरले. हाव ना? पाहा, मान हालवली, झालं काम. तं मघाशी तुमी बोट दाखवून विचारलं का हातावर हे काय बांधलं म्हून — तेच सांगून राह्यलो होतो, मधातच तो सलाइनवाला आला.

ही डबी. छातीवर ह्या चकत्या चिकटवल्या, त्या डबीले सांगते, अन् डबी भिंतीवरच्या खोक्याले सांगते — तो हिरवा दिवा दिसते ना पंख्याच्या बाजूले, तेच — अन् खोकं तिकडं मिताली सिस्टरच्या टेबलावरच्या पडद्याले. वायर नाही, काही नाही. ठोके किती, दम किती, सारं तिथं. पहिले पेशंट मशीनले बांधून ठेवत, दावणीच्या बैलासारखा. आता म्हणते हिंडा, फिरा, तब्येत लवकर सुधरते, तुमी कुठंही असा, आमाले दिसता. आमाले दिसता — हे ध्यानात ठेवा. संडासात बसले तरी दिसता! मी एक डाव चोरून खर्रा खाल्ला, तंबाखू-सुपारीचा, जरासाच, चिमूटभर, तं तिकून आवाज — काका, काय खाल्लं? थुकाव लागला बाप्पा. कैद्यावरही एवढी नजर ठेवत नसन कोणी.

अन् गंमत अशी, का भिंतीवरचं खोकं लांब पडलं तं तुमची डबी आपला निरोप बाजूच्या पेशंटच्या डबीजवळ देते, ती तिच्या पुढच्या डबीजवळ, असं हातोहात करत पडद्यावर पोचते. ह्या डब्या लावाले आला तो इंजिनिअर चित्र काढून सांगून राह्यला होता अन् आमी सारे जांभया देऊन राह्यलो होतो. मंग मी म्हटलं, साहेब, बाजाराच्या दिवशी गाडी खच्चून भरली का मागच्या दारातला माणूस पैसे पुढच्याच्या हातात देते, तो त्याच्या पुढच्याच्या, अन् तिकीटही तसंच हातोहात मागं जाते — कोणी कोणाले वळखत नाही, पण मधात एकानं जरी हात आखडला का बसलं बोंबलत — तसंच ना? हसला तो. म्हणे काका, तसंच.

आता ऐका, कामाचं सांगतो. इथून सरळ गेलं का एक्सरेची खोली, तिथं पाण्याची मशीन, अन् तिथून वळण. वळणाच्या पलीकडं बायांचा वार्ड. तिथलं खोकं अलग, ते तिथल्या डब्यायचंच ऐकते, आपल्या नाही. एक्सरेच्या भिंतीत शिशाचे पत्रे हायेत म्हणते, त्याच्यातून हे निरोप जात नाहीत. म्हून वळण घेतलं रे घेतलं, का पडद्यावर तुमचं नाव लाल अन् टूं टूं टूं — सिस्टर धावत. पण मशीनपाशी दुसरा एक डबीवाला उभा असला का झालं. तो इकूनही दिसते, तिकूनही दिसते. तुमच्या खाटेवर पहिले फुलचंद होता, दारव्ह्याकडच्या तांड्यावरचा, तो उभा राहे माझ्यासाठी. ‘चाल भिया, जाऊन ये’ म्हणे — भिया म्हणजे भाऊ त्यायच्यात — अन् हातात गिलास घेऊन उभा, पाणी पीत नाही, काही नाही, नुसता उभा. त्याची सुट्टी झाली काल. चांगला माणूस. खर्रा त्याचाच होता. तुमी त्याच्या जागेवर आले म्हून तुमाले विचारून राह्यलो. काही करू नका — वळणावर नुसतं उभं राहाचं. तुमालेही चालाले सांगितलंच हाय ना डॉक्टरनं? भिंत धरून चला. मी हात देतो.

कायले म्हणता? अहो, बायको हाय ना तिकडं. नलू. अंगणवाडीत होती आमची नलू. मले अ‍ॅटॅक आला तं तीच घेऊन आली नेरवरून — पोरगा रवी पुण्याले असते, तो येईपर्यंत सारं हिनंच केलं, सही हिची, धावपळ हिची, अन् माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपे. साखर हिले, किडनीचं दुखणं हिले, पण सांगन तं शप्पथ. माझ्या गोळ्या टायमावर अन् स्वतःच्या पिशवीतच पडलेल्या. अन् एक दिवस तिथं, त्या दारापाशी, हातात माझ्यासाठी कापलेल्या पपईचं ताट, अन् खाली बसली ते बसलीच. ताट सांडलं नाही पाहा तिनं. नीट खाली ठेवलं अन् मंग लवंडली. उचलून नेलं बायांच्या वार्डात, हातावर अशीच डबी बांधली. लोक जोडीनं लग्नाले जाते, आमी जोडीनं भरती झालो.

खिडकी हाय तिकडं, तिच्या खाटेसमोर. मी तिथं उभा राहो. तिच्या तोंडावर मास्क, बोलता येत नसे. मी इकून हातानं विचारो — जेवली? ती तिकून हातानं — तुमी जेवले? एवढंच. अन् इकडं फुलचंद वळणावरून काचेतून पडदा पाह्यत राहे, अन् मी आलो का सांगे, भिया, तू तिथं गेला का वहिनीचा आकडा चढते. मी म्हटलं काहीतरीच. तं मिताली सिस्टरही बोलली तोंडावर — काका, काकूंना जास्त भेटत जाऊ नका, धडधडते त्यांना. म्हाताऱ्या माणसाले असं बोलते! लाज वाटली मले. पण आवडलंही, खोटं कायले बोलू. संसार झाला, पोरं झाली, पण हिच्या पोटात माझ्याबद्दल काय हाय हे मले कधी समजलंच नाही, ती बोलणारीच नव्हती. भांडाचं असलं तरी भांडे घासता घासता, पाठ करून. अन् ते असं दिसलं, पडद्यावर, साऱ्या वार्डाले. मी आपला म्हातारा, इकडं येऊन पडलो अन् भिंतीकडं तोंड करून हसत राह्यलो. बोलणारीच नव्हती ती — म्हणजे, नाही. बोलणारी नाही. नाही बोलत ती जास्त.

काय पाहून राह्यले तिकडं? तिचं नाव शोधता? नका शोधू. नाही तिथं. सकाळपासून नाही. उठल्या उठल्या मी पहिले तिचा आकडा पाहो अन् मंग तोंड धुवो, तसं आजही पाह्यलं, तं तिच्या जागी दुसरीच बाई. विचारलं सिस्टरले. म्हणे डबी चार्जिंगले लावली. ठीक. मंग जेवणाच्या टायमाले जावई आला डबा घेऊन, इंद्रजित, आमच्या ममताचा नवरा. तो म्हणे, मम्मीले नागपूरले नेलं बाबा, पहाटेच, मोठ्या दवाखान्यात, रवी अन् ममता संगं गेले. हातावर डबी तशीच हाय म्हणे, इथूनच सारं दिसते डॉक्टरले, तुमी फिकर करू नका. आता सांगा — डबी चार्जिंगले का हातावर? अन् इथून दिसते तं मले काहून दिसत नाही? ह्या लोकायले खोटंही जमत नाही धड. खोटं बोलाचं तं पहिले सारे मिळून ठरवा तरी! बिनतिकिटाचा माणूस मले चेहऱ्यावरून समजे, इंद्रजितचा चेहरा तसाच होता, खाली पाहून, खिसा चाचपत. जाता जाता माझा फोन घेऊन गेला. म्हणे बाबा, बिघडला दिसते, दुरुस्त करून आणतो. बिघडला नव्हता फोन.

अन् त्याच्या पहिले तो डबा. मी विचारलं, कोणी केला? ममतानं, म्हणे. अबे, ममता नागपूरले गेली ना पहाटे? पाण्याची बाटली भरून आणतो म्हून उठलाच तो. मी वरणाचा घास घेतला — मेथीदाण्याची फोडणी. वामनराव, आमच्या घरी वरणात मेथी पडत नाही. नलूले कडू चालत नाही, पोरगीही तिच्यावरच गेली. हे सुखीबाईचं वरण होतं, आमच्या समोरच्या घरची. आता मान हालवू नका, नुसतं ऐका. समोरच्या घरून डबा कधी येते माणसाले? तुमच्यातही तसंच असन, आमच्यातही तसंच हाय — ज्या घरी चूल पेटवत नाहीत, त्या घरी शेजारचे आणते वरण-पोळी. मी तो घास तोंडात तसाच धरून बसलो. मंग गिळला. अन् मंग अख्खा डबा खाल्ला, एक शीत ठेवलं नाही. इंद्रजित पाहून राह्यला होता, म्हणे बाबा, चांगली भूक लागली आज. हाव म्हटलं, चव हाय हाताले.

बरोबर, बरोबर. डोळ्यानंच विचारलं तुमी, का मंग खिडकीशी कायले जाता? कचेरीतला माणूस, पकडलं बरोबर. खिडकीशी नाही जाचं मले.

तुमचा हात द्या इकडं. डावा. भ्याचं नाही. हा पट्टा पाहा — इथं, बकलच्या जवळ, टाके घातल्याचे भोकं दिसते? अन् हा लाल दोऱ्याचा तुकडा? नलूचं मनगट बारीक, पट्टा ढिला होऊन डबी कोपरापर्यंत जाये, म्हून तिनं एका आयाबाईजवळून सुई मागून चूण घातली, माझ्यासमोर, खिडकीतून मले दाखवून. तुमच्या हाताले बसत नाही म्हून सिस्टरनं दोरा कापला असन. स्पिरीटनं पुसलं, तुमाले बांधलं. त्यात वाईट काही नाही, डब्याच मोजक्या हायेत, काय करन सिस्टर तरी. नका काढू, नका काढू! काढलं का वाजते ते. तुमी कायले मनाले लावून घेता, तुमाले कुठं माहीत होतं. मी सकाळीच पाह्यलं, तुमाले खाटेवर घेतलं तेव्हाच. म्हून डबा यायच्या पहिलेच मले — जाऊ द्या.

नेरले जाचं हाय मले. घरी. घरीच ठेवली असन तिले. तिचा भाऊ मारेगावले असते, तो आल्याशिवाय उचलत नाहीत, बहिणीचं तोंड पाहाचं असते त्याले. म्हणजे ऊन उतरेपर्यंत टाइम हाय. अन् तो येणार कुठून? याच रस्त्यानं, या गेटासमोरून गेला असन गाडीत बसून, मी आत पडलेला, अन् मले न भेटता. सारे ठरवूनच. समोरच्या गेटावर चौकीदार हाय, पण बायांच्या वार्डाच्या मागं एक लहान गेट हाय, धुण्याच्या चादरी नेते तिथून. तिथून बाहेर निघालं का अमरावती रोड. अमरावतीची कोणतीही गाडी नेरवरूनच जाते. स्टॉप नाही तिथं, पण मी हात दाखवला अन् एसटी थांबली नाही असं व्हाचंच नाही, अजून वळखते पोरं मले. फक्त त्या मागच्या गेटापर्यंत माझं नाव हिरवं राह्यलं पाह्यजे. डबी इथं काढून ठेवली तं लगेच बोंबलते. वळणावर तुमी उभे राह्यले तं तुमची डबी माझे ठोके पुढं देईन, पडद्यावर दिसन का देवराव फिरून राह्यला, चांगलं हाय. गाडीत बसलो का मंग वाजू द्या किती वाजते ते. तुमाले कोणी काही विचारलं तं गळा दाखवा. पेशंट माणूस, पाणी प्याले गेलता. कोण काय म्हणन?

मराचं भेव? डॉक्टर म्हणते, धक्का बसला नाही पाह्यजे, स्टेंट नवीन हाय. म्हून तं सांगत नाहीत मले. मी पोरायवर चिडलो नाही, रवीच्या जागी मी असतो तं मीही लपवलंच असतं, आपल्याइथं हार्टवाल्याले मौत सांगतच नाहीत. पण वामनराव, सारा नेर तिले पाहून घेईन. सुखीबाई पाहीन, गल्लीतले पोट्टे पाहीन, ज्यायनं तिले जिवंतपणी कधी नमस्कार केला नाही ते येऊन फुलं वाह्यतीन. अन् नवरा कुठं हाय तं दवाखान्यात वरण खाऊन राह्यला! पांढरं लुगडं नेसवलं असन तिले. चौदा एप्रिलले नेसे ती पांढरं, कडक इस्त्री करून, मले म्हणे पदर पकडा, घडी मोडते. आता कोणी पकडला असन पदर. मले तिचं तोंड पाहाचं हाय, बास. मास्क काढला असन आता. मास्क बांधला तेव्हापासून पुरं तोंड पाह्यलंच नाही मी तिचं.

अन् रडताही येत नाही, हे समजून घ्या. सकाळपासून मी असा पडून हाय. रडलं का आकडा वाढते. आकडा वाढला का सिस्टर येते, सुई देते, माणूस मेल्यासारखा झोपते, जागा होते तं दिवस गेलेला. विहारात शिबिराले शिकलो होतो श्वासावर ध्यान ठेवाले — आत येते, बाहेर जाते, पाह्यत राहाचं नुसतं. तेव्हा मले झोप ये, नलू कोपर मारे. आज सकाळपासून तेच करून राह्यलो. आत येते, बाहेर जाते. पडद्यावर मी कसा, एकदम ठणठणीत. सिस्टर म्हणे काका, आज तुमचं रीडिंग सगळ्यात छान. छान! घरात बाई मेली अन् माझं रीडिंग छान. त्यायले वाटते डबीतून सारं दिसते. काय दिसते? माझी नलू गेली हो, वामनराव, ते कोणत्या आकड्यात दिसते? ती गेली अन् मले तिथं जाता —

काय? तिकडं काय पाहून राह्यले? माझा आकडा?

नाही, नाही. थांबा. आत येते, बाहेर — थांबा, उतरते, आताच उतरते. बोलाले नको होतं मी. कोणाशीच बोलाले नको होतं. उठा वामनराव, चला पटकन, आताच चला, वळणापर्यंत — हात द्या —

वाजलं.

काही नाही सिस्टर. काही नाही झालं. आमी हसून राह्यलो होतो जरा, यायले एसटीतली गंमत सांगत होतो, म्हून वाढलं असन. विचारा यायले. हाव ना वामनराव? घामाचं काय, पंखाच चालत नाही धड इथला. छातीत नाही दुखत. खरंच नाही दुखत. पडलो, हे पाहा, पडलो. सुई कायले? नको ना सिस्टर. संध्याकाळी द्या, आता नको, हात जोडतो तुमाले, दिवसाउजेडी झोप नको मले. संध्याकाळी दोन द्या. बाई, ऐक ना माझं, तू माझ्या पोरीसारखी — असू दे. दिली ना. झालं मंग.

रवीचा फोन? तुमच्या फोनवर? त्यालेही इथूनच सांगितलं असन कोणी, का बापाचं वाढलं म्हून. द्या.

हां, रवी. चांगला हाय मी. काही नाही रे, मशीन वाजत राह्यते, त्याले काय काम हाय दुसरं. नागपूरले पोचले तुमी? हाव. मम्मी कशी हाय? झोपली. हाव, झोपू दे, उठवू नको. डॉक्टर काय म्हणते? बरं. बरं. तू जेवला? काहून नाही जेवला, जेवून घे. ममताले पाणी पाज. मम्मी उठली तं सांग, मी जेवलो म्हणा, पुरा डबा खाल्ला म्हणा.

मागं कायचा आवाज येते रे? सारे संगं काही म्हणून राह्यले. त्रिसरण घेऊन राह्यलं का कोणी? हाव, असन, असन कोणी आपल्यातलं भरती तिथं. मोठा दवाखाना हाय. असन. मामा आला काय तुझा? म्हणजे नागपूरले. आला. लवकर आला.

रवी, ऐक. फोन ठेवू नको. काही बोलू नको, तुझं काम कर, तू पुढं हो, नुसता खिशात ठेव चालू. मले इथं करमत नाही. गर्दीचा आवाज बरा वाटते. हाव बेटा. जाय.

सिस्टर, तुमचा फोन जरा राहू द्या माझ्याजवळ. झोपतोच मी. कानाशी ठेवतो नुसता.

तुमी काहून रडून राह्यले, वामनराव? तिकडं तोंड करा. पडा. मले ऐकू द्या.